बोटभर खाली, वीतभर खाली

अमेरिकेतल्या ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने १९९१ च्या सप्टेंबर अंकात एक खोडसाळ सामना लावला होता. एका बाजूला फेरारी ३४८, दुसऱ्या बाजूला जीएमसीची पिकअप. उभ्या जागेवरून पाव मैल, म्हणजे सुमारे चारशे मीटर पळायचं. फेरारीला १४.५ सेकंद लागले आणि मागे सामानाचा हौदा असलेल्या त्या गाडीला १४.१. फेरारीची किंमत तिच्या चौपटीहून जास्त होती. रस्ता आणखी लांब असता तर निकाल उलटा लागला असता हे खरं. पण चारशे मीटर ते चारशे मीटरच.

त्या पिकअपचं नाव सायक्लोन. ४.३ लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, २८० अश्वशक्ती आणि चारही चाकांना कायमची ताकद: पुढच्या जोडीला ३५ टक्के, मागच्या जोडीला ६५. निघताना चाकं जागच्या जागी गरगरत बसली नाहीत, फेरारी मागे पडली ती तिथेच. मला मात्र या गाडीत सगळ्यात जास्त कुतूहल आहे ते तिच्या बैठकीचं. जीएमसीच्या साध्या फोर बाय फोर पिकअपशेजारी ती उभी केली तर सायक्लोन मांडी घालून बसल्यासारखी दिसते. चारही चाकं ओढणारी गाडी कंपनीने मुद्दाम खाली बसवून विकली होती.

आपल्याकडे हे ऐकून कुणीही विचारेल, मग फोर बाय फोर घेतली कशाला? फोर बाय फोर म्हटलं की उंच गाडी हे समीकरण डोक्यात इतकं पक्कं बसलंय की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच विसरायला होतं. चार चाकांना ताकद देतात ती पकडीसाठी: ओला रस्ता, बर्फ, वाळू, भिजलेला चढ, किंवा सिग्नल सुटल्यावरची घाई. उंची देतात ती खालून काही लागू नये म्हणून: दगड, ओढा, बांध. दगडांच्या वाटेवर दोन्ही लागतात म्हणून दोन्ही एकत्र विकायची पद्धत पडली. याची उलटी बाजू तर आपल्या रस्त्यावरही दिसते. इसुझू डी-मॅक्सचं ‘हाय-लँडर’ मॉडेल २०२१ मध्ये भारतात आलं. उंची फोर बाय फोरची, पण ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. उंची विकत घ्या, चार चाकं नकोत, असा तो सौदा. मग चार चाकं हवीत, उंची नको असं म्हणणाऱ्याने काय पाप केलं?

असं म्हणणारे लोक बरेच आहेत, आणि सगळे काही दिखाऊ पोरं नाहीत. दक्षिण कॅलिफोर्नियात सत्तर-ऐंशीच्या दशकांत छोट्या जपानी पिकअप रस्त्याला टेकेपर्यंत उतरवायची हौस फोफावली, ती मुख्यतः टू-व्हील ड्राइव्ह गाड्यांवर. पण बर्फाच्या प्रदेशात राहणाऱ्याला हिवाळ्याचे तीन-चार महिने चारही चाकं लागतात. जंगलात तो वर्षातून एकदाही जात नाही. हौद्यात जड पेट्या उचलून ठेवणाऱ्याला चार इंच कमी उचलणं म्हणजे संध्याकाळी कंबर न दुखणं. वळणावर गाडी झुकते म्हणून वैतागणारेही यात आले.

त्यांचं वैतागणं बरोबरही आहे. गाडी उलटायला किती सोपी याचा एक ढोबळ आकडा अमेरिकेची नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन वापरते: डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. साध्या मोटारींना हा आकडा १.३ ते १.५ येतो, पिकअप आणि एसयूव्हींना १.० ते १.३. आता हिशेब करून पाहा. चाकांमध्ये १.५४ मीटर अंतर आणि जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर गुरुत्वमध्य असेल तर आकडा १.१०. चासी साडेसात सेंटिमीटर उतरवली तर गुरुत्वमध्य तेवढा उतरत नाही, कारण चाकं, ब्रेक, मागच्या ॲक्सलचं हौजिंग आहेत तिथेच राहतात. तो सहाएक सेंटिमीटर उतरेल. आकडा होतो १.२०. तीन इंचांत पिकअप मोटारीच्या दिशेने बरीच सरकली. इंजिन नाही, पैसा नाही, फक्त उंची.

इथे एक गोष्ट पक्की समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं गोंधळाचं होईल. सस्पेन्शन उतरवलं की गाडीचा कोणता भाग खाली येतो? चासी, बॉडी, इंजिन, गिअरबॉक्स, पेट्रोलची टाकी हे सगळं येतं. मागचा डिफरन्शियल, पोटाखाली लोंबणारा तो गोळा, एक मिलिमीटरही खाली येत नाही. तो अखंड ॲक्सलमध्ये बसलेला आहे, ॲक्सल चाकांना धरून आहे आणि चाकाची उंची टायर ठरवतो. म्हणून मागच्या डिफरन्शियलखाली जागा वाढवायची किंवा कमी करायची तर टायरच बदलावा लागतो. पाट्यांना काहीही करा, त्याला पत्ता लागत नाही. पुढे मात्र वेगळा प्रकार. अमेरिकेतली १९८६ पासूनची टोयोटाची फोर बाय फोर पिकअप, शेवरोलेची एस-टेन फोर बाय फोर, अशा गाड्यांत पुढची चाकं स्वतंत्र आर्मवर असतात आणि पुढचा डिफरन्शियल चासीला बोल्टने जखडलेला असतो. चासी तीन इंच खाली आली की तोही तीन इंच खाली आला. त्यामुळे उतरवलेल्या फोर बाय फोरचा सगळ्यात हळवा भाग पुढे असतो, इंजिनाच्या पोटाखाली.

आता मागून सुरुवात करू, कारण खरं लोहारकाम मागेच आहे.

पिकअपच्या मागे कमानपाटे असतात हे सांगायला नको. आपल्याकडे पाट्यांशी लोकांची ओळख वेगळ्या कारणाने आहे: कांदा, ऊस, वाळू भरणारे लोक गॅरेजमध्ये जाऊन पाटे वाढवून घेतात. गाडी उतरवणारा याच्या बरोबर उलटं करतो, आणि पहिला मोह होतो तो एखादा पाटा काढून टाकण्याचा. गाडी इंचभर बसते खरी, पण पाटा उंचीसाठी नव्हता, वजनासाठी होता. थप्पीतल्या सगळ्यात खालच्या जाड पाट्याला गाडी रिकामी असताना काही कामच नसतं. हौदा भरला की वरचे पाटे वाकून त्याच्यावर टेकतात. तो काढला तर उंची तशीच आणि भार पेलायची ताकद गेली. वरच्या थरातला काढला तर उंची उतरते, पण पाट्यांना आता कमी हाडांवर तेवढंच ओझं. हा उपाय स्वस्त आहे, एवढंच त्याचं कौतुक.

दुसरा उपाय शॅकलचा. पाट्याचं एक टोक चासीला पक्कं आणि दुसरं टोक शॅकल नावाच्या छोट्या दुव्यावर, म्हणजे पाटा सरळ होताना लांब व्हायला जागा मिळते. शॅकल चासीवरून खाली लटकत असेल तर लांब शॅकलने गाडी वर जाते; पाट्याचं टोक चासीच्या खुंटीच्या वर उभं असेल तर लांब शॅकलने गाडी खाली येते. एकच वस्तू, दोन गाड्यांत उलटे परिणाम. शिवाय ॲक्सल पाट्याच्या साधारण मधोमध असतो, म्हणून टोकाला दोन इंच हलवलं की गाडी एकच इंच हलते.

तिसरा ठोकळ्याचा. ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालायचा आणि लांब यू बोल्टने आवळायचा. टोयोटाच्या जुन्या टू-व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये पाटे ॲक्सलच्या खालून जातात, तिथे ठोकळ्याने गाडी खाली येते. फोर बाय फोरमध्ये पाटे ॲक्सलच्या वर असतात. तिथे तोच ठोकळा घातला तर गाडी वर जाते! उतरवायला निघालेला माणूस गाडी दोन इंच उचलून घरी येतो, आणि हे मी थट्टेने लिहीत नाही. टू-व्हील ड्राइव्हचं सामान फोर बाय फोरला जसंच्या तसं चालत नाही हा पहिला धडा बऱ्याच जणांना इथेच मिळतो.

यावरूनच चौथा उपाय सुचतो. पाटे ॲक्सलच्या वर आहेत म्हणून गाडी उंच आहे ना? मग ॲक्सल पाट्यांच्या वर घ्या. अमेरिकेत याला ‘फ्लिप’ म्हणतात. यू बोल्ट सोडायचे, ॲक्सल पाट्यांच्या वर आणायचा, पाट्यांची बैठक ॲक्सलच्या खालच्या अंगाला बसवायची आणि पुन्हा आवळायचं. गाडी किती उतरेल? ॲक्सलच्या नळीची जाडी अधिक पाट्यांच्या थप्पीची जाडी. नळी ७५ मिलिमीटर आणि थप्पी ५० असेल तर १२५ मिलिमीटर, म्हणजे पाच इंच. पाटे तेच, भार पेलायची ताकद तीच, बसायचा मऊपणाही तोच. कागदावर यापेक्षा सुंदर उपाय नाही.

फ्लिप हा शब्द ऐकून नवशिक्याने हौजिंगच उपडं करू नये. पिनियनचं तोंड पुढेच ठेवून हौजिंग उपडं केलं तर क्राऊन गिअर दुसऱ्या बाजूला जातो आणि चाकं उलटी फिरायला लागतात. पुढे जायचे चार गिअर मागे जाण्याचे होतात. फिरवायचं काहीच नसतं. ॲक्सल जसा आहे तसाच उचलून पाट्यांच्या वर ठेवायचा असतो.

कागद सोडून गाडीखाली गेलं की अडचण लगेच डोळ्यासमोर येते. ॲक्सलच्या नळीच्या बरोबर वर चासीचा लांब रूळ जातो. आधी दोघांमध्ये वीतभर जागा होती. खड्ड्यात चाक वर आलं की ॲक्सल त्या जागेत वर सरकायचा आणि शेवटी रबराच्या स्टॉपरला टेकायचा. पाच इंच उतरवल्यावर त्या जागेतले पाच इंच संपले. उरलेल्या बोटभर फटीत पहिल्याच खड्ड्याला ॲक्सल चासीवर आदळतो. अशा वेळी पाटे मऊ आहेत की कडक याला काही अर्थच राहत नाही, कारण स्प्रिंगचं काम तेव्हा रबराचा तुकडा करतो आहे. म्हणून ॲक्सलच्या वर चासीला खालून अर्धचंद्राकार खाच कापतात आणि तिला आतून जाड पट्टीचं वेल्डिंग करून बळकट करतात. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी दिसते म्हणून ‘सी नॉच’. चासीचा खालचा पट्टा ताण घेतो. नेमका तोच कापला जातो. चांगल्या वेल्डरने केलेली खाच वर्षानुवर्षं टिकते. वाईट वेल्डरने केलेली खाच हौदा भरल्यावर कळते.

पुढचं काम तुलनेने स्वच्छ. टू-व्हील ड्राइव्ह एस-टेनला पुढे गुंडाळीची स्प्रिंग असते, पण फोर बाय फोरमध्ये स्प्रिंग बसायच्या जागेतून चाकाकडे जाणारा शाफ्ट जातो. म्हणून तिथे टॉर्शन बार वापरले: गाडीच्या लांबीला समांतर, सरळ, जाड पोलादी दांडे. दांड्याचं एक टोक आर्मला आणि दुसरं मागे चासीच्या आडव्या पट्टीत, एका किल्लीसारख्या तुकड्यात अडकवलेलं. चाक वर आलं की दांडा पिळला जातो, सोडलं की उलगडतो. ओला टॉवेल पिळताना हाताला जी परतीची ओढ जाणवते, तीच ही स्प्रिंग. आणि त्या किल्लीला टेकलेला असतो एक बोल्ट. तो फिरवला की गाडी वर किंवा खाली. एक पान्ना, दहा मिनिटं, शून्य खर्च.

या बोल्टभोवती गैरसमजांचं मोठं जाळं आहे. बोल्ट आवळला की सस्पेन्शन कडक होतं आणि सोडला की मऊ, असं चांगले अनुभवी मिस्त्रीसुद्धा सांगतात. दांड्याचा कडकपणा ठरतो त्याची जाडी, लांबी आणि पोलाद यांवरून. बोल्टने यातलं काहीच बदलत नाही. गाडी उभी असताना दांड्यावर वजन तेवढंच, म्हणून त्याचा पीळही जवळपास तेवढाच. बदलतो फक्त आर्मचा उभं राहायचा कोन. मग उतरवलेली गाडी पुढून दणके का देते? इथेही कारण तेच, आर्म आता रबराच्या स्टॉपरच्या अगदी जवळ आला आहे. यावर आखूड स्टॉपर लावतात आणि आखूड शॉकअप घेतात. जुनाच लांब शॉकअप ठेवला तर त्याचा दांडा तळाला आपटतो आणि सील फुटून तेल गळायला लागतं. बोल्ट पूर्ण काढून टाकणाऱ्यांसाठी मात्र एक सूचना: त्या दांड्यात निम्म्या पुढच्या गाडीचं वजन पिळून भरलेलं असतं. किल्ली काढायला त्याचं खास ओढयंत्र मिळतं. ते नसेल तर हात लावू नका.

नव्या पिकअपमध्ये, म्हणजे २००५ च्या आसपासपासूनच्या हायलक्समध्ये किंवा आपल्याकडे मिळणाऱ्या इसुझू व्ही-क्रॉसमध्ये, पुढे शॉकअपभोवतीची गुंडाळी स्प्रिंग आहे. तिथे आखूड स्प्रिंग बसवायची, संपलं. स्प्रिंग कापणारेही असतात. आठ वेढ्यांची स्प्रिंग सात वेढ्यांची केली की ती सुमारे १४ टक्के कडक होते, हे गणित चुकत नाही. गॅसच्या ज्वाळेने कापली की पोलादाचं पाणी उतरतं, हेही चुकत नाही.

उंचीचं इतकं झालं. फोर बाय फोर उतरवण्यातला खरा विषय मात्र उंची नाही, कोन आहे. टू-व्हील ड्राइव्हच्या पुढच्या चाकाला फक्त वळायचं आणि वर-खाली व्हायचं असतं. फोर बाय फोरमध्ये तेच चाक वळतं, वर-खाली होतं आणि वर इंजिनाची ताकदही घेतं. त्या ताकदीचा शाफ्ट कुठल्याही कोनात बिनतक्रार फिरत नाही. टू-व्हील ड्राइव्हवाल्यांकडे एक फार सुरेख उपाय असतो: चाकाचा खुंटच आर्मच्या मानाने दोन इंच वर घडवायचा. आर्मचे कोन जिथल्या तिथे, स्टॉपरची जागा जिथल्या तिथे, आणि गाडी दोन इंच खाली. फोर बाय फोरमध्ये त्या खुंटाच्या मधोमध आरपार शाफ्ट जातो. खुंट वर नेला की शाफ्टचं टोकही वर गेलं आणि कोन बदललाच. म्हणून टॉर्शन बारच्या गाड्यांत बहुतेकांच्या नशिबी तो बोल्टच.

पण इथे उतरवणाऱ्याचं नशीब उचलणाऱ्यापेक्षा बरं आहे, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. कारखान्यातून आलेल्या उंच फोर बाय फोरचे पुढचे शाफ्ट डिफरन्शियलकडून चाकाकडे खाली उतरत जातात. गाडी उचलली की हा उतार वाढतो, सांध्यांवर ताण येतो, रबरी बूट फाटतात. गाडी उतरवली की शाफ्ट आडवे व्हायला लागतात, सांधे सुटकेचा श्वास घेतात. पहिले दीड-दोन इंच तर गाडीच्या हिताचेच. त्यापुढे शाफ्ट उलट्या दिशेला चढू लागतो आणि मग दुखणी परत सुरू होतात.

मागच्या प्रोपेलर शाफ्टचंही तेच. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा, चासीला बांधलेला, ॲक्सल चाकांना. चासी पाच इंच उतरली म्हणजे शाफ्टचं मागचं टोक पुढच्याच्या मानाने पाच इंच वर गेलं. शाफ्ट दीड मीटर लांब असेल तर कोनात पाचएक अंशांचा फरक पडतो. एक मीटरचाच असेल तर सात अंशांचा. फोर बाय फोरमध्ये गिअरबॉक्समागे ट्रान्सफर केसची भर असते, त्यामुळे शाफ्ट आखूड आणि फरक मोठा. क्रॉसच्या सांध्याचा स्वभाव असा की तो कोनात असला की एका फेऱ्यात दोनदा पुढच्या शाफ्टला जरा घाई करतो, दोनदा जरा रेंगाळतो. दोन्ही टोकांच्या सांध्यांचे कोन सारखे असले तर एकाची खोड दुसरा मोडतो. म्हणून फ्लिप करताना पाट्यांच्या बैठकीचं वेल्डिंग करायच्या आधी पिनियनचं तोंड किती अंशांवर आहे हे कोनमापकाने पाहून घ्यायचं असतं. ते डोळ्याच्या अंदाजाने केलं की सत्तर-ऐंशीच्या वेगाला सीटखालून गुणगुण सुरू होते, आणि मालक चाकांचं बॅलन्सिंग करत फिरत राहतो. कोन अगदी शून्यही नको. सांध्यातल्या सुया फिरत्या राहायला अंशभर वाक लागतो, नाहीतर त्या एकाच जागी रुतून खळगे पाडतात. ट्रान्सफर केसकडून पुढे जाणाऱ्या शाफ्टला या साऱ्या उलथापालथीचा पत्ताच नसतो. त्याची दोन्ही टोकं चासीलाच बांधलेली आहेत.

मला विचाराल तर यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट या कशातच नाही. ती आहे एक वीतभर लांबीची सळई. हायलक्ससारख्या बऱ्याच पिकअपमध्ये चासी आणि मागचा ॲक्सल यांच्यामध्ये ही सळई असते आणि तिच्या टोकाला ब्रेकचा एक व्हॉल्व्ह. हौदा भरला की गाडी मागून बसते, सळई हलते आणि व्हॉल्व्हला कळतं की मागे वजन आहे, मागच्या ब्रेकला जास्त दाब जाऊ दे. रिकाम्या गाडीत मागची चाकं हलकी असतात, तेव्हा तो दाब रोखतो. आता गाडी पाच इंच उतरवली. व्हॉल्व्हच्या लेखी हौदा कायमचा भरलेला. रिकामी गाडी, ओला रस्ता, जोरात ब्रेक, आणि मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होतात. गाडी मागून फिरते. उपाय सोपा आहे, सळईचा कंस तेवढाच सरकवून पुन्हा जुळवायचा. पण दिसायला ती सळई इतकी क्षुल्लक आहे की ती कुणाच्या ध्यानातच येत नाही. नव्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक्स करतं, तिथे ही काळजी नाही. तिथे कॅमेरे आणि रडार यांची नजर नव्या उंचीला जुळवून घ्यावी लागते.

टायरबद्दल दोनच शब्द. पुढे लहान आणि मागे मोठे टायर घालून गाडी झुकलेली दाखवायची फॅशन टू-व्हील ड्राइव्हवाल्यांनी खुशाल करावी. साध्या फोर बाय फोरमध्ये फोर-व्हील घातलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. टायरच्या घेरात दोन टक्के फरक असेल तर दर किलोमीटरला वीस मीटरचा हिशेब कुणालातरी घसरून चुकता करावा लागतो. सुक्या डांबरावर टायर घसरत नाही, मग ट्रान्सफर केस कण्हतो. चारही टायर एका मापाचे, एका झिजेचे. उतरवल्यावर अलाइनमेंट करायचीच. चाकांची डोकी आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतात. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावून घ्या.

कायद्याने कुठे थांबायचं? कॅलिफोर्नियाने १९५८ पासून २०२३ पर्यंत एक साधी कसोटी ठेवली होती: चाकं सोडून गाडीचा कुठलाही भाग रिमच्या सगळ्यात खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये. सहा हजार पौंडांच्या आतल्या व्यापारी गाड्याही यात येत, म्हणजे छोट्या पिकअपही. कसोटी मला शहाणपणाची वाटते. टायर फुटला तरी गाडी रिमवर उतरेल, पेट्रोलच्या टाकीवर नाही. या नियमाला वळसा घालायला तिथल्या हौशी लोकांनी पुढच्याच वर्षी हायड्रॉलिक पंप बसवले, हवं तेव्हा खाली आणि पोलीस दिसला की वर. पण ती मोटारींची गोष्ट आहे.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला नियमबाह्य बदलासाठी प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं कलम आलं. चासीला खाच पाडणं आणि ॲक्सलची जागा बदलणं यांना आपल्या रस्त्यावर जागा नाही, हे समजून चालावं.

आणि आपले गतिरोधक? यात एक गंमत आहे. इंडियन रोड काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. हायलक्सच्या पुढच्या-मागच्या चाकांत ३.०८५ मीटर अंतर आहे. ती बरोबर मधोमध आली की चारही चाकं अजून गतिरोधकाच्या उतारावरच असतात, जमिनीपासून तीन सेंटिमीटर वर. म्हणजे पोटाखालची जागा खाल्ली जाते ती फक्त सात सेंटिमीटर. पाच इंच उतरवलेली पिकअपसुद्धा असा गतिरोधक सावकाश ओलांडून जाईल. अडतं ते गल्लीतल्या लोकांनी रातोरात घातलेल्या, झोपलेल्या ओंडक्यासारख्या गतिरोधकांवर. तिथे चाकं उतरून जमिनीवर आलेली असतात आणि ओंडका पूर्ण उंचीने पोटाखाली उभा असतो.

कंपन्या स्वतः गाडी उतरवतात तेव्हा किती उतरवतात हे पाहण्यासारखं आहे. फोर्डची १९९३ ची लाइटनिंग आणि टोयोटाची २००५ ची एक्स-रनर या खाली बसवलेल्या पिकअप गाजल्या, पण दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या. चारही चाकांची अलीकडची गाडी म्हणजे २०२५ ची फोर्ड मॅव्हरिक लोबो. पुढून १३ मिलिमीटर आणि मागून २८ मिलिमीटर खाली. हौशी माणूस वीतभर मोजतो, कारखाना बोटभरच. कारखान्याला शाफ्टचे कोन, ब्रेक आणि हमी या सगळ्यांचा हिशेब द्यावा लागतो. रॅम १५०० ने २०१३ पासून हवेच्या फुग्यांचं सस्पेन्शन देऊन वादच मिटवला: हायवेवर वेग घेतला की गाडी आपोआप थोडी खाली बसते, वाट खराब झाली की उठते.

मलाच उतरवायची असती तर मी कारखान्याच्याच वाटेने गेलो असतो. पुढून दीड इंच, मागून तेवढंच, खाच नाही, फ्लिप नाही. तुम्ही काहीही ठरवा, पण पहिला बोल्ट सोडायच्या आधी गाडी सपाट जागेवर उभी करा, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांवर टेपने मोजा आणि लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका. टायरमधली हवा खोटं बोलते.

आणि फेरारीला मागे टाकणारी ती सायक्लोन? हौद्यात ५०० पौंड, म्हणजे २२७ किलोपेक्षा जास्त माल भरायची तिला परवानगी नव्हती. पन्नास किलोची साडेचार पोती.